मामीचा खोकला

पाण्याखाली कसं जावं ह्याबद्दल आमच्या दोन घरांत दोन पंथ होते. एक माझ्या मानलेल्या गंगाराममामांचा, दमाचा. दुसरा माझ्या अब्बांचा, नळीचा. भोयाच्या आणि मिस्त्रीच्या घरात ईद-दिवाळीवरून कधी कुरबुर झालेली मला आठवत नाही. उलट शीरखुर्म्याची वाटी आणि करंज्यांचं ताट एकमेकांच्या दारातून असं फिरायचं, की कुठलं भांडं कुणाचं ह्यावरून अम्मी आणि सोजरमामी हसत बसायच्या. पण दम खरा की नळी खरी, ह्या एका गोष्टीवरून ह्या दोन शहाण्या माणसांनी माजलगावच्या धरणाच्या काठावर असा काही कालवा केलेला आहे, की पलीकडच्या उसातली माणसं खुरपी टाकून बघायला यायची.

अब्बांना सगळं गाव याकूब मिस्त्री म्हणायचं. मोंढ्याच्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. पंप, इंजिनं, मोटारी, आणि पंक्चरवाल्यांकडे असतो तसा हवेचा कॉम्प्रेसर, जो त्यांनी तीन मोडक्या यंत्रांतून एक केला होता. धरणाचं पाणी शिवारात पसरलं, तसा काठाकाठाने ऊस आला, आणि उसासाठी ज्याने त्याने पाण्यात पाइप सोडले. ह्या पाइपच्या बुडाशी एक जाळीचं, झडपेचं भांडं असतं. त्याला आमच्याकडे फुटबॉल म्हणतात. कावून म्हणतात ते विचारू नका, म्हणतात. ती झडप गाळाने अडकली की पाइपात पाणी टिकत नाही, पंप नुसती हवा ओढतो आणि वर ऊस माना टाकतो. आख्खा पाइप बाहेर काढायचा तर दहा माणसं आणि पुरा दिवस. त्यापेक्षा एकाने खाली जाऊन झडप सोडवली तर तासाभराचं काम. तो एकजण म्हणजे आधी गंगाराममामा, आणि पुढे माझे अब्बा.

मामा धरण व्हायच्या आधीपासून सिंदफणेत मासे धरणारे. बुटके, काळे, छाती मात्र ढोलासारखी. त्यांचं सामान म्हणजे लंगोट, कमरेला दोर आणि हातात एक धोंडा. धोंडा पोटाशी धरला की तो खाली नेतो, काम झालं की सोडला, माणूस आपोआप वर. “अंगावर जितकं कमी तितकं बरं,” ते म्हणायचे. “पाण्याला गाठी लई आवडत्यात. एक गावली की धरूनच ठेवतंय.” दोराचं दुसरं टोक त्यांच्या बायकोच्या, सोजरमामीच्या हातात असायचं. आता ह्यांच्या घराण्याची रीत नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. दोर धरणाऱ्याने बुडी मारणाऱ्याबरोबर दम धरायचा. मामांचं डोकं पाण्याखाली गेलं, की काठावर मामी ओठ मिटून घ्यायची आणि श्वास बंद. तिचा दम सरला की ती ओढायची. घड्याळ नाही, मोजणं नाही. काठावरच्या बाईला निभेल तेवढाच वेळ खालच्या गड्याने राहायचं, बस्स. मामीची सासू सासऱ्यासाठी असंच करायची म्हणे. मी लहानपणी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मामीला फीट आली असं वाटून किंचाळले होते. मामीला हसू फुटलं, दम सुटला, आणि बिचाऱ्या मामांना अर्ध्या कामातून वर यावं लागलं. त्यांनी मला ज्या शिव्या दिल्या त्यातली एक मी अजून जपून ठेवली आहे.

अब्बांनी तरुणपणी चार वर्षं मुंबईच्या गोदीत काढलेली. तिथे नळीने हवा घेऊन जहाजाच्या पोटाखाली काम करणारी माणसं त्यांनी पाहिली आणि ते खूळ डोक्यात घेऊनच ते माजलगावला परतले. ट्रकच्या ट्यूबला काच बसवून केलेला डोळ्यांवरचा मुखवटा, कॉम्प्रेसरपासून तोंडापर्यंत लांबच लांब नळी, खाली टिकून राहावं म्हणून कमरेला ट्रॅक्टरच्या भंगारातलं लोखंड. ते लोखंड सायकलच्या ट्यूबने अशा सरक गाठीत बांधायचे, की एका ओढीत सुटावं. पाने दोन, चाकू दोन, नळीचा जोडही एक जास्तीचा. “माणूस घाईनं मरतो,” अब्बा म्हणायचे, “आणि दमावर गेलेला माणूस पहिल्यापासून घाईतच असतो. नळी असली की तो निवांत नट बघतो, निवांत पाना लावतो.”

“निवांत!” मामा खेकसायचे. “पाण्यात निवांत मासा असतोय बे. माणसानं तितं पाव्हण्यावानी जावं, चहा घ्यावा, उठावं. तू तर मुक्कामालाच जातूस.”

(घरात आम्ही दखनी बोलायचो. पण काठावरची भाषा मराठीच होती, आणि माझा जन्म शाळेत मराठी शिकवण्यात गेला, तेव्हा सगळ्यांचं बोलणं मी मराठीतच लिहिते आहे. अब्बांनी तक्रार केली नसती. अम्मीने केली असती.)

भांडण म्हणून भांडत, पण काम दोघं मिळूनच करायचे. मामा आधी एका दमात खाली जाऊन पाइप कुठे आहे, गाळ किती आहे ते बघून येत, मग अब्बा नळी घेऊन उतरत. जेवणातही मतभेद. अब्बा पाण्यात जाण्याआधी चहाशिवाय कशाला शिवायचे नाहीत, तर मामा अर्धी ज्वारीची भाकरी आणि मुठीने फोडलेला कांदा खाल्ल्याशिवाय पाण्याला पाय लावायचे नाहीत. काम झाल्यावर मात्र चौघांची एकच पंगत बसायची. अम्मीचा डबा उघडायचा. त्यात खट्टी दाल, भात आणि तळलेल्या सुक्या मटणाचे चार तुकडे, जे मामांना आवडतात म्हणून ती मुद्दाम वर ठेवायची. मामी तिथेच तीन दगडांवर मरळ मासा शिजवायची, शेंगदाण्याचं कूट आणि लाल तिखट घालून, आणि रस्सा इतका जहाल की अब्बांच्या डोक्यावर घाम यायचा. तो खाताना दोघांचंही तोंड भरलेलं असायचं, तेवढाच वेळ शांतता.

मामीला दमा लागला ती साल मला नेमकी सांगता येणार नाही. चुलीचा धूर म्हणा, नाहीतर काठावरचा गारठा म्हणा. आधी ती खोकायला लागली, मग जिना चढताना थांबायला लागली, आणि मग एक दिवस मामा बुडी मारून गेले न गेले तोच तिने दोर ओढला. दुसऱ्या वेळीही तसंच. तिचा दम कमी झाला तसा मामांनी आपला कमी करून घेतला, खोलातली कामं सोडून दिली. “तिला जमंना तर मी कुणाच्या भरवशावर राहू?” एवढंच म्हणाले. मी त्यांना म्हटलं होतं, मामा, दुसरं कुणी दोर धरेल की. तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना दुसरी बायको करायला सांगितलं.

अशी खोलातली सगळी कामं अब्बांच्या नळीवर आली, आणि अब्बांचा दोर माझ्या हातात. मी तेव्हा अकरावीला होते. दुकानात दोन जवान पोरं कामाला होती, पण अब्बांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. त्यांचं लक्ष उडतं, बिडी लागते, रस्त्याने कोण गेलं ते बघायचं असतं. “हिचं ध्यान एका जागी राहतं,” असं ते अम्मीला म्हणाले. अम्मीने लाटणं आपटलं. मुलीच्या जातीने पाण्याच्या काठावर उन्हात उभं राहायचं, लोक काय म्हणतील, रंग काळा पडेल. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन गेले. मला किती आनंद झाला होता म्हणून सांगू! आपल्या हातात बापाचा जीव आहे, ह्याची भीती वाटायला हवी होती. मला फक्त मिरवावंसं वाटलं.

अब्बांचे नियम मी पाढ्यासारखे पाठ केले. दोराला खालून एक हिसका म्हणजे ढील दे. वरून मी दोन द्यायचे, म्हणजे ‘ठीक आहात ना?’, आणि खालून दोन आले की ठीक. तीन आले की ओढ. तीन आल्याशिवाय ओढायचं नाही, काहीही झालं तरी नाही. ह्याला कारण होतं. नळीतली हवा खाली दाबून छातीत भरलेली असते, माणसाला एकदम वर ओढलं आणि त्याने तोंड मिटलेलं असलं तर ती छातीत फुगते. गोदीत एका गड्याला घाईने ओढलेलं त्यांनी पाहिलं होतं, तो रक्त ओकला होता. मामांचा नियम ह्याच्या बरोबर उलटा, आणि तो मला मामीने शिकवला होता. शंका आली की ओढ. “जित्ता माणूस शिव्या देतोय,” मामा म्हणायचे, “मेलेला देत न्हाई. शिव्या खाव्या.”

आणि मी त्या खाल्ल्या. दोर हातात आल्यावर पंधरा-वीस दिवसांत एकदा मला खालची हालचाल जाणवेना. मी घाबरले, दोन हिसके द्यायचंही सुचलं नाही, सरळ ओढलं. अब्बा वर आले ते नळी तोंडातून सुटलेली, नाकातून रक्त, आणि हातातली झडप कुठे तरी तीन पुरुष खोल पाण्यात पडलेली. खाली ते नुसते स्थिर बसून नट बघत होते. निवांत. उसाचा मालक आणि त्याचे चार गडी हसत होते. अब्बा माझ्यावर त्याआधी कधी ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले, आणि मग माझा हात आपल्या ओल्या डोक्यावर ठेवून म्हणाले, “घे माझी शपथ. तीन हिसके आल्याबिगर ओढणार न्हाई.” मी शपथ घेतली. मामा लांबून बघत होते. मामीने पदराने माझं तोंड पुसलं.

मागच्या वर्षी माझा मुलगा मला धरणावर घेऊन गेला. तो बचाव पथकात आहे. त्यांचं शिबिर होतं आणि दोन शिकवणारे आलेले, पाठीवर सिलिंडर, अंगाला चिकटलेले काळे कपडे, पायात बदकाचे पंजे. जोडीदाराची हवा संपली तर लागणारी जास्तीची श्वासनळी गळ्यात अडकवावी की कमरेला लावावी, ह्यावरून दोघांत जुंपलेली. एकाचं म्हणणं, आपल्या तोंडातली चालू नळीच त्याला द्यावी आणि गळ्यातली आपण घ्यावी, ती चालते हे तरी नक्की असतं. दुसऱ्याचं म्हणणं, आपली कशाला काढायची, त्याची वेगळी कमरेला ठेवावी. दोघंही तावातावाने, दोघांचंही बरोबर. मी खुर्चीवर बसून हसायला लागले. मुलगा म्हणाला, अम्मी, हसू नको, जीवन-मरणाचा प्रश्न आहे. मी म्हटलं, बाबा, म्हणूनच हसते आहे.

तर शपथेनंतरचा तो दिवस. उन्हाळ्याचे दिवस होते, पाणी मागे सरलेलं, आणि एका बागायतदाराचा पाइप साडेतीन पुरुष खोलात अडकलेला. लाइट नेहमीसारखीच नव्हती, म्हणून कॉम्प्रेसरला पट्टा लावून रॉकेलवरचं इंजिन जोडलं होतं. अब्बांची मांडणी ठरलेली असे. सकाळी वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहतो, म्हणून इंजिन पाण्याच्या बाजूला, त्याच्या धुराचं तोंड पाण्याकडे, आणि कॉम्प्रेसर जिथून हवा ओढतो ते तोंड जमिनीच्या बाजूला. धूर पाण्यावर जावा, यंत्राने स्वच्छ हवा घ्यावी. मी पाण्याच्या कडेला दोर घेऊन उभी राहायचे, त्यामुळे तो रॉकेलचा धूर सकाळभर माझ्या तोंडावर असायचा आणि घरी गेल्यावर अम्मी माझ्या केसांचा वास घेऊन कपाळ बडवायची. दुपार कलायला लागली की वारा फिरतो, हे अब्बांना ठाऊक होतं. म्हणून त्यांचं काम नेहमी त्याआधी संपलेलं असे.

त्या दिवशी संपलं नाही, कारण सकाळ भांडणात गेली. मामा बघून आले आणि म्हणाले, “नळी-बिळी काही नगं, चार दमात सोडवतो.” अब्बा म्हणाले, नट गंजलेला असेल, तुझ्याने व्हायचं नाही. झालं! मामा इरेला पेटले, सोडून दिलेलं खोलातलं काम दोराशिवायच करायला निघाले. चार दमांचे चौदा झाले, मामी झाडाखालून “आवो, पुरं करा की आता” म्हणून ओरडून दमली, आणि सूर्य डोक्यावर आला तेव्हा मामा वर येऊन काठावर पालथे पडले. अब्बांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली, हसले, लोखंड बांधलं आणि उतरले. मामी कॉम्प्रेसरच्या मागे, बाभळीखाली मासे साफ करत होती.

मी दोर धरून उभी. नळीच्या कामात दम धरण्याला काही अर्थ नव्हता, पण मामीकडून लागलेली सवय मला सुटली नव्हती. अब्बा पाण्यात गेले की मी दम धरायचे, सरला की सोडायचे, पुन्हा धरायचे. तेवढीच वेळेची कल्पना यायची. अशा वीसेक दमांनंतर मला एकाएकी बरं वाटायला लागलं. सकाळपासून नाकात बसलेला रॉकेलचा वास गेला होता. पाण्याकडून गार झुळूक येत होती. चला, सुटलो, असं मी मनात म्हटल्याचं मला आजही स्पष्ट आठवतं. मूर्ख पोरगी! धूर माझ्याकडे येत नाही म्हणजे तो दुसरीकडे जातो आहे, एवढं कळायला काय मोठी अक्कल लागते?

मागे मामी खोकायला लागली. मी वळून पाहिलं. ती नेहमीच खोकायची, म्हणून मी पुन्हा पाण्याकडे तोंड केलं. खोकला थांबेना, वाढायला लागला. मी पुन्हा वळले, आणि ह्या वेळी पाहिलं की इंजिनाचा धूर कॉम्प्रेसरच्या अंगावरून थेट बाभळीकडे चालला आहे. वारा फिरला होता. जी हवा मामीला खोकवत होती तीच हवा यंत्र ओढत होतं, आणि माझे अब्बा साडेतीन पुरुष पाण्याखाली ती पीत होते.

पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला कळलं होतं, आणि तरी मी ओढलं नाही. माझ्या हातावर ती शपथ होती. मला नाकातलं रक्त आठवत होतं, ते हसणारे गडी आठवत होते. ओढलं आणि छाती फुटली तर? न ओढलं आणि? मी दोन हिसके दिले. उत्तर आलं. दोन. नियमाप्रमाणे सगळं ठीक होतं. मी एक दम धरला, सोडला. अब्बांचा हिसका कसा असतो ते मला माहीत होतं. तुटक, रागावल्यासारखा, एकामागे एक. हे दोन उशिरा आले होते आणि सैल होते, झोपेतला माणूस ‘हूं’ म्हणतो तसे. मी पुन्हा दिले. पुन्हा दोन आले, आणखी सैल. मी दुसरा दम धरला. मामी आता वाकून खोकत होती. मी तिसऱ्यांदा मागे पाहिलं, तिसरा दम धरला, आणि अब्बा मरतील ह्यापेक्षा अब्बा ओरडतील ह्याची मला जास्त भीती वाटते आहे, हे त्या तिसऱ्या दमात माझ्या ध्यानात आलं. मला माझीच किळस आली. मी ओढलं.

“मामा!” मी ओरडले. मामांनी एकदा धुराकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. धोंडा उचलता उचलता ओरडले, “सावकाश ओढ! हात हात ओढ, त्यो म्हणतो तसं!” आणि गेले. छाती फुटते ह्या गोष्टीची आयुष्यभर टिंगल करणारा माणूस, पण त्या वेळी त्याला अब्बांचाच नियम आठवला. मी दोर एकेक हात घेत होते, रडत होते आणि मोठमोठ्याने मोजत होते. खाली मामांनी अब्बांच्या कमरेची गाठ ओढून लोखंड सोडलं, तोंडातली नळी काढली, आणि त्यांच्या पोटावर दाब देत, हवा बाहेर काढत वर आणलं.

अब्बा हसत होते. हे मला सगळ्यात भयंकर वाटलं. गाल लालबुंद, नवरदेवासारखे, आणि तोंडावर असं मऊ हसू जे मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. मामांना ते कुठल्या तरी गोदीतल्या माणसाच्या नावाने हाक मारत होते. मग उलटी झाली, आणखी एक झाली, आणि मग ते डोकं धरून कण्हायला लागले. कण्हणं ऐकल्यावर मामा चिखलात मट्टकन बसले आणि लहान पोरासारखे रडले.

अब्बा दोन दिवस अंथरुणात होते. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सुई दिली, मोकळ्या हवेत झोपवा म्हणाले, म्हणून अंगणात बाज टाकली. अम्मी त्यांच्या डोक्याला तेल चोळायची आणि न थांबता बोलायची. “तुम्ही दोघांनी मिळून माझ्या पोरीच्या हातात दोर नाही, फास दिलाय.” मामा रोज सकाळी येऊन बाजेच्या पायथ्याशी बसायचे, आणि आयुष्यात पहिल्यांदा दोघांचं भांडण होत नव्हतं. मला ते बघवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी अब्बांनी मला जवळ बोलावलं. “तू दोन हिसके दिलेतेस?”

“दिले.”

“मी उत्तर दिलं?”

“दिलं. दोन.”

“मग ओढलंस कावून?”

“हिसके दोन होते, अब्बा. पण तुमचे न्हवते.”

“मला काय बी आठवत न्हाई,” ते म्हणाले. “एवढंच आठवतं, की मला तितं लई बरं वाटत होतं. वर यायचंच नव्हतं.” मग माझ्याकडे वळून विचारलं, “धूर दिसला की लगेच ओढलंस?”

आणि मी म्हणाले, “हो.”

“शाबास,” अब्बा म्हणाले. त्यांनी माझा हात घेऊन आपल्या डोक्यावर ठेवला आणि ती शपथ परत घेतली. खरं सांगितलं असतं तर त्यांनी स्वतःला दोष दिला असता, त्यांच्या शपथेने मी थांबले म्हणून. असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला समजावलं. पण त्या क्षणी मी खोटं बोलले ते मला ती शाबासकी हवी होती म्हणून. ती मिळाली, आणि तिने मला कधी सुख दिलं नाही.

महिन्याभराने पुन्हा काम निघालं. अब्बांनी कॉम्प्रेसरच्या हवेच्या तोंडाला लांब पाइप जोडून तो बांबूवर उंच चढवला होता, इंजिन पार दूर नेलं होतं, लांबच लांब पट्टा लावला होता. एवढं करूनही त्यांचं समाधान होईना. मग ते मामांच्या घरी गेले आणि तिथून मामीला, तिच्या विळीसकट, घेऊन आले. दुकानातली लोखंडी खुर्ची त्या बांबूच्या बुडाशी ठेवली आणि हात जोडून म्हणाले, “भाभी, तुमी हितंच बसायचं. काम होईस्तोवर उठायचं न्हाई.”

मामा बघतच राहिले. “आरं, माझ्या बायकूचं मीटर केलंस का बे?”

“मीटर बिघडतं,” अब्बा म्हणाले. “भाभीचा खोकला बिघडणार न्हाई.”

मामी इतकी हसली की तिला तिथेच ठसका लागला, आणि अब्बा दचकून इंजिनाकडे धावले. मग सगळेच हसलो. मामांनी धोंडा हातात घेतला आणि नळीच्या कामावर प्रथमच कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभे राहिले, जरूर पडली तर. अब्बांनी लोखंड बांधलं, गाठ दोनदा ओढून बघितली आणि दोर माझ्याकडे दिला. ह्या वेळी नियम सांगितले नाहीत. “त्या दिवशीसारखं,” एवढंच म्हणाले, आणि उतरले.

पाणी त्यांच्या डोक्यावर मिटलं. मी दोर घेऊन उभी होते, आणि मागे खुर्चीवर मामी होती. तिने मला हळूच हाक मारली, मामांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

“शमे.”

“काय मामी?”

“त्या दिशी मी खोकत होते तवा तू तीन डाव वळून बगितलंस.” तिचा आवाज नेहमीसारखाच होता, भाजी निवडताना बोलावं तसा. “मी कुनाला बोलले न्हाई, बोलनार बी न्हाई. आता एका डावात ओढायचं.”

मला मागे बघण्याचं धाडस झालं नाही. डोळे भरून आले होते आणि पाणी नीट दिसत नव्हतं. “हो मामी,” मी म्हणाले, दोर मुठीत घट्ट धरला आणि दम धरला.